पास्कलने बांधलेली गोणी

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात नवस, उतारा, अंगारा, लिंबू-मिरची यातलं काहीही कधी शिरलं नाही. बाबांनी परभणीकडचं गाव सोडलं तेव्हा ते सगळं वेशीबाहेर टाकून आले. घरात बुद्धाची एक छोटी मूर्ती, तिच्यासमोर मेणबत्ती... बास. लहानपणी शेजारणीचं ऐकून मी मनगटाला काळा दोरा बांधून घेतला होता, तर बाबांनी तो कात्रीने कापला आणि वर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यामुळे या पानावरचे तुमचे अनुभव वाचताना मी बरेचदा फिस्सकन हसते. रागावू नका, स्वभावच तसा आहे. पण माझ्याकडेही एक गोष्ट आहे, आणि तिला मला आजपर्यंत हसता आलेलं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मीरा रोड तेव्हा आजचं मीरा रोड नव्हतं. आता पूनम सागर म्हणतात त्या बाजूला आमची चार मजली बिल्डिंग, आजूबाजूला दोन-चार अर्धवट बांधलेल्या इमारती आणि पलीकडे थेट खाडीपर्यंत मिठागरं. नळाला पाणी कमी, रिक्षा त्याहून कमी. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. चौथ्या मजल्यावर आई आणि मी, आमच्या डोक्यावर गच्ची. मी भाईंदरला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिसात टायपिंग करायचे.

माझा मोठा भाऊ, मिलिंददादा, सैन्यात होता. रसद पोचवणाऱ्या तुकडीत ड्रायव्हर. लोकांना वाटतं सैन्य म्हणजे बंदूक. दादा म्हणायचा, "बंदूकवाला पण सकाळी चहा मागतो ना? तो मी नेतो." तेव्हा आपलं सैन्य श्रीलंकेत गेलेलं होतं आणि दादाही तिकडेच होता.

तिकडे जायच्या आधी तो सुट्टीवर आला होता आणि आईला एक गोष्ट शिकवून गेला. ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. जंगलातल्या चौक्यांना पीठ-डाळ कशी पोचवायची? रस्त्याने ट्रकांचा ताफा न्यायचा तर रस्त्यात सुरुंग. म्हणून मग हेलिकॉप्टरने न्यायचं आणि वरून गोण्या सोडून द्यायच्या. पण साधी गोणी वरून टाकली की फुटते आणि पीठ मातीत जातं. म्हणून आतली गोणी अर्धीच भरायची, तिचं तोंड शिवायचं, आणि ती दुसऱ्या मोठ्या गोणीत सैल घालायची. आतली फुटली तर फुटू दे, बाहेरची धरून ठेवते. आईला हे इतकं आवडलं की गावाहून ज्वारी आणताना तीही तसंच करायला लागली. एसटीच्या टपावरून हमालाने पोतं आपटलं तरी दाणा सांडायचा नाही.

दादा लंकेत आहे याची आईला फार काळजी नव्हती, म्हणजे ती तसं दाखवायची. पेपरात कधी ट्रक उडाल्याची बातमी आली आणि मी ती परत परत वाचायला लागले की तीच मला म्हणायची, "आपला मिलिंद वरून टाकायच्या कामावर हाये. रस्त्यानं जायचं कामच न्हाई त्याला." मी मान हलवायचे. ड्रायव्हर माणूस किती दिवस वर राहणार, हे तिला विचारायची माझी हिंमत नव्हती. घरात एकच कमावता पुरुष उरला होता, आणि त्याहून खरं म्हणजे आम्हाला तो हवा होता.

दादाबरोबर त्याच तुकडीत आपल्याकडचाच आणखी एक ड्रायव्हर होता. पास्कल. उत्तनच्या पुढे चौक म्हणून कोळ्यांचं गाव आहे, तिथला. तुकडीत त्या दोघांना सगळे 'भाईंदरवाले' म्हणायचे. सुट्टी संपवून दोघं एकाच गाडीने गेले तेव्हा स्टेशनवर पास्कलला आणि त्याच्या आईला मी पाहिलं होतं. काळासावळा, हसरा, डावखुरा पोरगा. दादा सांगायचा, गोण्या बांधायला बसलो की उस्तादाने शिकवलेली गाठ सगळे मारतात, हा पास्कल मात्र होडीची गाठ मारतो. उस्ताद ओरडून ओरडून थकला. कारण ती गाठ ओली झाली की आणखी आवळते, कशीही आपटा, सुटत नाही. आणि सोडवायची ती फक्त चौकच्या माणसाने.

नोव्हेंबर महिना होता. लख्ख ऊन, आकाशात ढगाचा तुकडा नाही. त्या दिवशी कारखाना बंद होता, म्हणून मी घरी. आईने सकाळी गहू धुऊन गच्चीवर चादरीवर वाळत घातले होते. दुपारी जेवून आम्ही दोघी जरा आडव्या झालो होतो, तोच डोक्यावर धप्पकन आवाज झाला. असा की छताच्या पंख्याची दांडी हलली आणि ट्यूबलाइटवरची धूळ माझ्या तोंडावर पडली. आई म्हणाली, "टाकीचं झाकण पडलं का काय." मी म्हटलं, झाकण कसलं, टाकीच पडली असेल. दोघी वर पळालो.

गच्चीच्या दाराला आमचंच कुलूप होतं. गव्हाला कबुतरं परवडली, शेजाऱ्यांची पोरं नकोत, म्हणून आईने लावलेलं. ते उघडून आत गेलो तर चादरीच्या बाजूला एक गोणी पडलेली. तिच्याखाली लादी फुटून खड्डा झालेला, भोवती बारीक चिरा. आमचे गहू इकडेतिकडे उडालेले. गोणी ओली होती आणि एका बाजूने लाल चिखलाने माखलेली.

आता आमच्या भागात चिखल काळा. खाडीचा. लाल मातीचं ढेकूळही आसपास कुठे नाही. आणि त्या दिवशी पाऊस नाही, टँकर नाही, गच्ची तापून चटके बसत होते.

मी वाकून पाहिलं. तोंड दोरीने आवळलेलं. आई खाली बसली, तिने हात लावून चाचपलं आणि म्हणाली, "दुहेरी हाये." मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "पोत्यात पोतं हाये. आतलं फुटलंय. मिलिंदचं पोतं हाये हे." इतकं साधं म्हणाली, दूधवाला येऊन गेला म्हणावं तसं.

मी चौकशी करायची ती सगळी केली. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, "ऊपर कौन जाएगा दीदी, चाबी तो आपके पास है." सोसायटीचे सेक्रेटरी शाहभाई वर येऊन खड्डा बघून गेले. त्यांना गोणीचं काही नव्हतं, लादीचं होतं. "विमानमांथी गिरा होगा, और क्या," असं अर्धं गुजराती अर्धं हिंदी बोलून त्यांनी कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने बोटं मोडली. आमच्यावरून विमानं जायची हे खरं. पण विमानातून पिठाची गोणी कोण टाकतं हो? आणि आमच्याच गच्चीवर, आमच्याच पद्धतीने बांधलेली? मी बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारावर जाऊन विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा कुणाला विचारलं नाही.

गाठ काही सुटेना. मी दात लावले, आईने सांडशी लावली. शेवटी आईने तळाची शिवण उसवली. आत खरंच दुसरी गोणी, कडेने फाटलेली, आणि पीठ. गव्हाचं, जरा जाडसर. चिखल आतपर्यंत गेला नव्हता. थोडा डिझेलचा वास होता. मी म्हटलं, हे टाकून दे, कुणाचं आहे, कशाचं आहे, काही माहीत नाही. आई म्हणाली, "लेकरानं धाडलेलं अन्न टाकू व्हय?" तिने ते उन्हात पसरलं, चाळलं, डब्यात भरलं आणि आम्ही ते खाल्लं. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी, पोळी सणासुदीला. त्या महिन्यात रोज पोळ्या झाल्या.

त्याच दिवसांत दादाची पत्रं यायची थांबली. आई म्हणायची, आता पोतं आलं ना, मग पत्र कशाला. पण मी पाहिलंय, ती पहाटे उठून मूर्तीसमोर नुसती बसलेली असायची. एक दिवस भाईंदरला केबिन रोडवर मासळीवाल्या बायकांकडे बोंबील घेत होते, तर एक जण दुसरीला सांगत होती, "चौकचा पोर गेला गो लंकेत. ट्रक उडाला. पेटीपन उघडून न्हाय दिली त्यांनी." मी विचारलं, कोण पोर? ती म्हणाली, पास्कल. मी बोंबील तिथेच ठेवून घरी आले. आईला काही सांगितलं नाही. ट्रक उडाला म्हणजे रस्त्याने गेले होते... आणि पास्कल रस्त्याने गेला तर दादा कुठे होता? हा प्रश्न घेऊन मी किती रात्री काढल्या ते मलाच माहीत.

नाताळच्या सुमारास दादा दारात उभा राहिला. जिवंत, धड, हातपाय जागेवर. आई त्याच्या गालांवरून हात फिरवत रडली, मीही रडले. तो रडला नाही. बूट काढले, हात-पाय धुतले आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आईने ती मोठी गोणी धुऊन तिथेच घडी करून ठेवली होती, गव्हाच्या डब्यावर झाकायला. तोंडाची गाठ तशीच होती.

मी चहा घेऊन गेले तर दादा खाली बसलेला. गोणी मांडीवर, अंगठा त्या गाठीवर.

"ही कुठून आली?"

आई आतूनच म्हणाली, "तूच धाडली नव्हं का?"

मी सगळं सांगितलं. महिना, दुपार, कुलूप, लाल चिखल, आतली फुटलेली गोणी. मग खाडीकडे बघत त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते.

"तिकडे तेव्हा आभाळ भरलेलं होतं. पाऊस. हेलिकॉप्टर उडेना. गोण्या वरून टाकायला म्हणून बांधून तयार, आणि चौकीवरची पोरं बिस्किटांवर. शेवटी ऑर्डर आली, रस्त्याने न्या. म्हणून त्याच गोण्या ट्रकात भरल्या. माझ्या ट्रकात होत्या त्या पास्कलने बांधलेल्या. ताफ्यात मी पुढे, तो माझ्या मागे. नियम असा की काही पडलं, काही झालं, तरी गाडी थांबवायची नाही. शेवटची गाडी उचलते. मला आरशात दिसलं, गोणी रस्त्यावर पडली. वैशू, ट्रकाची मागची फळी वर लावलेली होती. ताडपत्री मी स्वतः आवळली होती. पडायला जागाच नव्हती. तरी पडली. धप्प आवाज झाला, तो पण ऐकला मी."

"मग?"

"थांबलो. का थांबलो सांगता येत नाही. बिस्किटांवर आहेत पोरं, एवढंच डोक्यात. गाडी कडेला घेतली. पास्कलने गोणी चुकवून गाडी काढली, माझ्या बाजूला येऊन हसला आणि ओरडला, 'माझी गाठ हाय, फुटायची न्हाय. घेऊन ये!' आणि पुढे गेला. माझ्या जागी. मी उतरून चाकाच्या खुणेवरच पाय ठेवत मागे गेलो, कारण खुणेबाहेर पाय टाकायचा नसतो. सरळ रस्ता होता, मागच्या गाड्या अजून लांब. दोन्हीकडे ताडाची झाडं, माणूस नाही. गोणी नव्हती तिथे. नुसता ओला खळगा होता, ती पडली होती तेवढा. मी त्या खळग्याकडे बघत उभा होतो तेव्हा पुढे आवाज झाला."

त्याने गाठीवरचा अंगठा काढला. मग म्हणाला, "मी थांबलो नसतो तर माझा ट्रक असता त्या सुरुंगावर."

दुपारची वेळ होती ती, हे त्याने नंतर सांगितलं. दिवस आम्ही दोघांनी जुळवून पाहिला. तोच निघाला. मी तेव्हाही म्हटलं की आपली गफलत होत असेल, एखादा दिवस इकडेतिकडे झाला असेल. पण मांडीवरच्या गोणीचं काय करायचं, ते मला सुचेना.

दादाने आईला विचारलं, "पीठ कुठे आहे?"

आई म्हणाली, "खाल्लं की रे, लेकरा."

तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला. त्या दिवसापासून आजवर त्याने गव्हाची पोळी खाल्लेली नाही. लग्नात, सणात, कुठेच नाही. वहिनी पहिल्यांदा चिडायची. आता भाकरीच करते.

दोन दिवसांनी दादा म्हणाला, चौकला जाऊ. मी म्हटलं, काय सांगणार आहेस त्या माउलीला? तो म्हणाला, "काही नाही. गोणी तिची आहे, देऊन येऊ." भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली, पुढे चालत गेलो. गोणी दादाने छातीशी धरलेली. बसमध्ये कुणीतरी बोललं, "भाऊ, वर ठेवा की," तर त्याने ऐकलंच नाही.

नाताळ नुकताच झाला होता. घराघरांवर चांदण्या लटकत होत्या, एका घरावर तेवढी नव्हती. पास्कलची आई अंगणात बांबूवर बोंबील वाळत घालत होती. दादाला बघून तिने ओळखलं, हात पुसले आणि पाटी उलटी करून त्याला बसायला दिली. "तू मिलिंद ना? बस. ही भयन?" मी हो म्हटलं.

दादा पाटीवर बसून गोणीची कड चाचपत राहिला. शेवटी मीच बोलले. मी तशी तोंडाळ, कुठेही बोलू शकते, पण त्या दिवशी माझा आवाज मलाच परका वाटत होता. लपवायचं म्हणून आले होते आणि सगळं सांगून बसले. रस्ता, गोणी, पास्कल पुढे गेला ते, आमची गच्ची. ती ऐकत होती. मध्येच एकदा कावळ्याला हाकललं. माझं झालं तेव्हा तिने हात पुढे केला आणि दादाने गोणी तिच्या मांडीवर ठेवली.

तिने गाठीकडे पाहिलं. डाव्या हाताने एक टोक धरलं, जरा मागे ढकललं, आणि ओढलं. गाठ सुटली. आमची सांडशी वाकली होती त्या गाठीवर.

"ही त्याच्या बापाची गाठ हाय," ती म्हणाली. "होडीवर हीच मारायचा. दोघं डावरे." दोरी तिने बोटाला गुंडाळली, परत सोडली, परत गुंडाळली.

मग मला विचारलं, "पीठ खाल्लं तुम्ही?"

"हो."

"कसं लागलं?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "चांगलं होतं, मावशी. थोडा डिझेलचा वास होता."

तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. "त्याच्या हातालापन यायचा. सुट्टीत आला का मी साबन देयाची, तरी जायचा न्हाय." मग पदराने तोंड झाकून ती रडली. दादाही रडला तेव्हा, पहिल्यांदा. मी दोघांच्या मध्ये उभी, कुणाला धरावं कळेना.

निघताना तिने आम्हाला सुके बोंबील बांधून दिले. नको म्हटलं तर रागावली. गोणी ठेवून घेतली, दोरीही. आम्ही कुंपणापर्यंत आलो तेव्हा तिने मागून हाक मारली. आवाजात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. आपण एखाद्या शिकलेल्या माणसाला पत्ता विचारतो, तसं विचारलं तिने.

"पोरा, गोनी त्यान् बांधली. गाठ त्याची. मग ती तुझ्या घरावर पडली. माझ्या घरावर का न्हाय पडली?"

दादा उभा राहिला. मी उभी राहिले. ती उत्तराला थांबली नाही, बोंबलांकडे वळली.

याला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. आई गेली, पास्कलची आईही गेली. आम्ही अजून त्याच घरात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीने कितीदा केलं, तरी त्या एका जागेखाली आमच्या हॉलचं छत गळतं. इंजिनिअर येतात, हातोडीने ठोकतात, चिरा कुठून सुरू झाल्या ते त्यांना सांगता येत नाही. मी सांगत नाही. कधी कुणाला ही गोष्ट सांगितलीच तर लोक विचारतात, गोणी तिकडून इकडे आली कशी? विमान, वादळ, चोरीचा माल, काय वाटेल ते सुचवतात. सुचवू देत. मलाही ते कोडं सुटलेलं नाही आणि सुटेल असं वाटत नाही. पण खरं सांगू, त्याने माझी झोप उडत नाही.

पावसाळ्यात छत गळायला लागलं की दादा स्वतः उठतो, त्या थेंबाखाली पातेलं ठेवतो आणि खुर्ची ओढून शेजारी बसतो. मी म्हणते, जा, झोप, मी बघते. तो जात नाही. एकदा मी चिडून विचारलं, काय बघत बसतोस रे त्या छताकडे?

म्हणाला, "त्या माउलीला काय सांगायला पाहिजे होतं गं?"